वाटीखालचे दुखणे

गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत एक पांढरी, चिवट पट्टी जाते. ती वाटीची कंडरा. पाय सरळ करून मांडी सैल सोडली की ती बोटाला लागते: लांबी साधारण ४ ते ५ सेंटिमीटर, जाडी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू खाली एकत्र येऊन वाटीला धरतात आणि त्यांची ताकद वाटीवरून या पट्टीमार्फत नडगीत उतरते. खुर्चीतून उठणे, जिना उतरणे, धावता धावता थबकणे, उडी मारणे आणि उडीवरून खाली येणे ही सगळी कामे याच पट्टीच्या ओढीवर होतात.

तिच्या ताकदीचा अंदाज एका अपघातातून आला. स्पर्धेत वजन उचलत असताना एका वेटलिफ्टरची ही कंडरा तुटली आणि त्या वेळी त्याच्या उचलण्याचे अभ्यासासाठी चित्रीकरण चालू होते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तुटण्याच्या क्षणी कंडरेवरची ओढ त्याच्या शरीराच्या वजनाच्या साडेसतरा पटींहून अधिक असावी, असे गणित निघाले. निरोगी तरुण माणसाच्या रोजच्या हालचालींत एवढा ताण कधीच येत नाही. म्हणूनच ही कंडरा एखाद्या उडीने बिघडत नाही. ती बिघडते पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने, आणि तोही दोन ताणांच्या मध्ये सावरायला वेळ मिळाला नाही तर.

कोणत्या हालचालीत हा ताण जास्त येतो, हे समजले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. कंडरा ताणली जाऊन लगेच आखडते, तेव्हा तिच्यावर सर्वांत जास्त भार येतो. उडीपूर्वीचे झटकन वाकणे, उडीवरून उतरताना शरीर झेलणे, वेगात असताना एकदम थांबून दिशा बदलणे, या त्या हालचाली. सावकाश चालण्यात किंवा एका लयीत लांब पळण्यात हा प्रकार कमी असतो. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात व्हॉलीबॉलपटूंपैकी ४५ टक्क्यांना आणि बास्केटबॉलपटूंपैकी ३२ टक्क्यांना हे दुखणे असल्याचे दिसले. सायकलपटूंमध्ये आणि नकाशा घेऊन रानातून धावण्याच्या खेळात मात्र एकही रुग्ण आढळला नाही. रानात धावणाऱ्यांचे गुडघे दिवसाला हजारो वेळा वाकतात, तरी त्यांची ही कंडरा शाबूत राहते. नुसत्या वापराला दोष देऊन भागत नाही, ते यामुळेच. वापर कोणत्या तऱ्हेचा आहे, हे पाहावे लागते.

महाराष्ट्रात या दुखण्याचे रुग्ण मुख्यतः तीन वाटांनी येतात. एक, गावोगावच्या व्हॉलीबॉलच्या मैदानांवरून. संध्याकाळी कडक, पाणी मारून चोपलेल्या मातीवर चालणाऱ्या खेळात स्मॅश मारणारा आणि ब्लॉकला उड्या घेणारा असे दोघेच प्रामुख्याने सापडतात, मागे चेंडू उचलणारे क्वचित. दोन, खो-खोतून. चौकात उकिडवे बसलेल्या खेळाडूला खो मिळताच पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावरून एका झटक्यात उठून धावायचे असते. पूर्ण वाकलेला गुडघा आणि जोराचा झटका या दोन गोष्टी एकत्र आल्या की कंडरेच्या वरच्या टोकाशी, वाटीला ती जिथे चिकटते तिथे, सगळी ओढ एकवटते. सराव रोज असेल तर हे उठणे एका संध्याकाळीच कितीतरी वेळा होते.

तिसरी वाट पोलीस भरतीची. भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण. त्यांत पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. जाहिरात निघाली, तारखा लागल्या की तालुक्याच्या ठिकाणच्या ॲकॅडमीत मुले भरतात. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणे, मैदानावर बेडूकउड्या, बदकचाल, जिन्यावरच्या उड्या, शेकड्याने बैठका आणि संध्याकाळी पुन्हा शंभर मीटरच्या फेऱ्या. त्याआधीचे कित्येक महिने यातले अनेक जण अभ्यासिकेत बसून असतात. शून्यातून एकदम एवढ्यावर जाणे हेच या दुखण्याचे सर्वांत मोठे कारण. जमीन, बूट, पायाची ठेवण यांचा वाटा असतो, पण तो याच्या मानाने थोडा. घोटा पुढच्या दिशेने कमी वाकत असेल तर उडीवरून उतरताना गुडघ्याला जास्त झेलावे लागते. पोटरीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कच्चे असले तरी तेच होते. पुरुषांत हे दुखणे स्त्रियांपेक्षा जास्त आढळते.

कंडरेत नेमके काय बिघडते, याची समजूत गेल्या पन्नास वर्षांत पार बदलली. १९७३ साली अमेरिकेतल्या काही अस्थिशल्यचिकित्सकांनी याला ‘जंपर्स नी’ हे नाव दिले. तेव्हापासून पुढे बराच काळ हे सुजेचे दुखणे मानले गेले, आणि सूज उतरवायची तर गोळी, बर्फ आणि विश्रांती असा सरळ हिशेब झाला. शस्त्रक्रियेत काढलेले कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर वेगळेच चित्र दिसले. सुजेत ज्या पेशी थव्याने जमतात, त्या तिथे जवळजवळ नव्हत्या. निरोगी कंडरेतले कोलॅजनचे तंतू काथ्याच्या दोरातल्या पेडांसारखे एका दिशेने घट्ट लागलेले असतात. आजारी तुकड्यात ते विस्कटलेले, पातळ झालेले होते. मधल्या जागेत पाणी धरून ठेवणारे पदार्थ वाढले होते आणि एरवी जिथे रक्तवाहिन्या फारशा नसतात तिथे नव्या बारीक वाहिन्या आणि त्यांच्यासोबत मज्जातंतू शिरले होते. १९९० च्या दशकाअखेर ही निरीक्षणे सर्वमान्य झाली. सुजेच्या काही खुणा पुढे अधिक बारीक तपासणीत सापडल्या आहेत, तरी दुखण्याचा मुख्य भाग सुजेचा नाही, यावर आज एकमत आहे.

२००९ साली ऑस्ट्रेलियातल्या जिल कुक आणि क्रेग पर्डम यांनी हे बिघडणे एका सलग उताराच्या रूपात मांडले. पहिल्या टप्प्यात अचानक वाढलेल्या भाराला उत्तर म्हणून कंडरा जाड होते, पाणी धरते, पण तंतू शाबूत असतात. भार थोडा कमी केला की ती पूर्वपदावर येते. दुसऱ्या टप्प्यात डागडुजी सुरू असते, ती विस्कळीत. तिसऱ्या टप्प्यात कंडरेचा काही भाग कायमचा निकामी होतो. तो भाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, पण त्याच्या भोवतीची निरोगी कंडरा जाड आणि बळकट करता येते आणि तेवढ्यावर माणूस उत्तम खेळू शकतो. उपचाराच्या दृष्टीने या मांडणीचे मोल फार मोठे आहे. सोनोग्राफीच्या अहवालात ‘झीज’ हा शब्द वाचून हताश झालेल्या मुलाला हे सांगता येते की, अहवालातला डाग तसाच राहिला तरी गुडघा बरा होऊ शकतो.

कंडरा किती सावकाश बदलते, याचा एक विलक्षण पुरावा डेन्मार्कमधून आला. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते, आणि त्या काळात वाढलेल्या माणसांच्या शरीरात ते मुरले. टाचेच्या कंडरेत तो कार्बन मोजला तेव्हा २०१३ साली असे दिसले की, तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही. स्नायू काही आठवड्यांत भरतो, कंडरेला महिने लागतात. व्यायामाने मांडी लवकर जोरदार होते आणि कंडरा मागे राहते. नव्या जोरावर मुलगा उंच उडतो आणि कंडरेवर तिला न झेपणारी ओढ येते. भरतीच्या तयारीत पाचव्या-सहाव्या आठवड्यात गुडघे धरणाऱ्यांची संख्या वाढते, त्यामागे हे एक कारण असावे.

दुखणे ओळखण्यासाठी बहुतेक वेळा यंत्राची गरज नसते. रुग्णाला दुखण्याच्या जागी एक बोट ठेवायला सांगावे. वाटीच्या खालच्या टोकावर त्याने नेमके एकच बोट ठेवले, तर अर्धे निदान तिथेच झाले. पंजा पसरून पूर्ण वाटीवर फिरवला, किंवा ‘आतून दुखतं’ म्हणाला, तर दुसरे काही शोधावे. वागणूकही ठरलेली असते. “सर, पळायला सुरुवात केली की दुखतं, अंग गरम झालं की थांबतं, आणि रात्री परत सुरू होतं,” हे वाक्य थोड्याफार फरकाने जवळजवळ प्रत्येक जण बोलतो. एसटीत किंवा अभ्यासिकेत गुडघा वाकवून तासभर बसल्यावर उठताना तिथे कळ येते. भार वाढवला तसे दुखणे वाढते, कमी केला तसे कमी होते. झोपलेला असताना सहसा दुखत नाही. गुडघ्यात पाणी भरत नाही. पाणी भरले असेल, गुडघा अडकत असेल किंवा निसटल्यासारखा वाटत असेल, तर दोष सांध्याच्या आत आहे असे समजून तपास करावा.

तपासताना पाय सरळ आणि मांडी सैल ठेवतात. डाव्या हाताने वाटीची वरची कड थोडी दाबली की खालचे टोक वर उचलले जाते आणि उजव्या अंगठ्याचे पेर त्या टोकाच्या आतल्या बाजूला पोचते. तिथे दाबल्यावर रुग्ण दचकतो. मात्र रोज उड्या मारणाऱ्या निरोगी खेळाडूलाही तिथे थोडे दुखते, म्हणून नुसत्या दाबण्यावर निदान ठरवू नये. अधिक भरवशाची कसोटी म्हणजे उतरत्या फळीवरची एका पायाची बैठक. २५ अंशांच्या उताराची लाकडी फळी कोणताही सुतार करून देतो. टाच वर आणि बोटे खाली असे तिच्यावर उभे राहून, पाठ सरळ ठेवून, एका पायावर सावकाश खाली जायचे. उतारामुळे पोटरी मदतीला येत नाही आणि भार थेट या कंडरेवर पडतो. किती वाकल्यावर आणि दहापैकी किती दुखले, हे लिहून ठेवतात. हीच कसोटी पुढे रोजच्या उपचाराची मोजपट्टी होते.

गफलत होण्याजोगी दुखणी थोडी आहेत, पण ती ओळखली नाहीत तर महिने वाया जातात. जिना उतरताना वाटीच्या मागे किंवा भोवती पसरून दुखणारा गुडघा हा वाटी आणि मांडीचे हाड यांच्यातल्या सांध्याचा प्रश्न असतो. वयात येणाऱ्या, साधारण १० ते १५ वर्षांच्या मुलामुलींना दुखते ते कंडरेच्या खालच्या टोकाशी, नडगीच्या उंचवट्यावर. तिथे वाढीची कूर्चा अजून कोवळी असते आणि कंडरेच्या ओढीने ती उचकते. ऑसगूड-श्लॅटर या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार हाडांची वाढ पूर्ण झाली की सहसा थांबतो. मागे एक टेंगूळ राहते. ते कर्करोगाचे नाही, हे आईवडिलांना स्पष्ट सांगणे हाच त्या भेटीतला महत्त्वाचा उपचार असतो. वाटीच्या वरच्या कडेला दुखत असेल तर मांडीची कंडरा, आणि बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर मांडीच्या बाहेरून उतरणारी पट्टी. लांब पळणाऱ्यांत ती जास्त दिसते.

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये कंडरेतले बदल छान दिसतात. अडचण अशी की, कसलेच दुखणे नसलेल्या खेळाडूंच्या कंडरेतही तेच बदल वारंवार सापडतात. चित्र आणि वेदना यांची जोडी जुळतेच असे नाही. निदानात शंका असेल किंवा महिनोन्महिने उपचार करूनही गुण नसेल, तेव्हा तपासणी करावी. पहिल्याच भेटीत हजारो रुपयांचा एमआरआय लिहून देणे हा भरतीची फी कशीबशी भरलेल्या मुलावर अन्याय आहे.

आता उपचार. सर्वांत आधी दिला जाणारा आणि सर्वांत जास्त फसवणारा सल्ला विश्रांतीचा. पंधरा दिवस घरी बसल्यावर दुखणे खरेच थांबते, आणि तिथेच रुग्णाची समजूत होते की आजार गेला. या पंधरा दिवसांत कंडरेची भार सोसण्याची ताकद आणखी घटलेली असते, मांडी बारीक झालेली असते. तो मैदानावर परततो तो पूर्वीच्याच भारावर, आणि आठवड्याच्या आत पुन्हा बोट त्याच जागी जाते. दुसऱ्या वेळी विश्रांती महिन्याची होते. अशी दोन-तीन आवर्तने केलेला मुलगा फिजिओकडे येतो, तेव्हा त्याची मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा डोळ्यांना दिसण्याइतकी बारीक असते. कंडरेला भार हवा असतो. किती, कोणता आणि किती दिवसांनी, एवढेच ठरवायचे असते.

पहिल्या टप्प्यात उड्या आणि जोराच्या धावा बंद, बाकीची हालचाल चालू. दुखणे फार असेल तर न हलता ताण देण्याचा व्यायाम करतात. व्यायामशाळेत पाय सरळ करण्याच्या यंत्रावर गुडघा साधारण ६० अंशांत वाकवून तो तसाच ४५ सेकंद धरायचा, मग २ मिनिटे थांबायचे. असे पाच वेळा. वजन असे हवे की शेवटच्या दहा सेकंदांत मांडी थरथरली पाहिजे. २०१५ साली ऑस्ट्रेलियात थोड्या व्हॉलीबॉलपटूंवर केलेल्या प्रयोगात यामुळे वेदना तिथल्या तिथे कमी झाली आणि पाऊण तास कमी राहिली. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांना एवढा गुण आला नाही, तरी सुरुवात करायला हा व्यायाम सुरक्षित आहे. यंत्र नसेल तर टेंपोवर माल बांधायचा रुंद पट्टा कामी येतो. त्याचे कडे करून एक बाजू भक्कम खांबाला, दुसरी दोन्ही गुडघ्यांच्या मागे. खांबाकडे तोंड करून मागे झुकत, नडगी उभी ठेवून, खुर्चीत बसल्यासारखे खाली जायचे आणि तिथेच थांबायचे. पट्टा गुडघ्यांना पुढे ओढून धरतो, म्हणून माणूस मागे पडत नाही आणि सगळा ताण मांडीच्या पुढच्या बाजूला येतो. हा व्यायाम शिकवताना बहुतेक जण गुडघे पुढे सरकू देतात. तेव्हा नडगीला हात लावून ती उभी ठेवायला सांगावे लागते.

दुसरा टप्पा हा उपचाराचा कणा: जड वजन, सावकाश हालचाल. बैठक, पायाने वजन ढकलण्याचे यंत्र, एका पायाची पायरीवरची बैठक यांपैकी दोन-तीन व्यायाम निवडायचे. खाली जायला ३ सेकंद, वर यायला ३ सेकंद. सुरुवातीला जेमतेम १५ वेळा उचलता येईल एवढे वजन, प्रत्येक व्यायामाची चार आवर्तने. मग आठवड्यागणिक वजन वाढवत जेमतेम ६ वेळा उचलता येईल इथपर्यंत यायचे. याला साधारण १२ आठवडे लागतात. आठवड्यातून तीनच दिवस, एकाआड एक. त्यामागे शरीराचा हिशेब आहे. जोराच्या व्यायामानंतर पहिले २४ ते ३६ तास कंडरेत कोलॅजन मोडण्याचे काम घडण्यापेक्षा जास्त चालते आणि जमेची बाजू त्यानंतर वर येते. रोज तोच भार दिला तर तूट भरून निघण्याआधीच नवी तूट पडते. कसरत रोज हवी, या समजुतीत वाढलेल्या मुलांना मधल्या दिवशी थांबवणे हे या उपचारातले सर्वांत कठीण काम ठरते. त्या दिवशी त्यांना पोटरी, कुल्ला, पाठ यांचे व्यायाम द्यावेत. हात रिकामे राहिले की ते पळायला जातात.

वजन उचलायला व्यायामशाळाच हवी असेही नाही. जुन्या दप्तरात वाळूच्या पिशव्या भरून पाठीवर घेतल्या आणि एका पायावर काम केले तर पुरेसा भार तयार होतो. फक्त पिशव्या तोलून घ्याव्यात, म्हणजे वाढ मोजता येते.

व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते, हे रुग्णाला पटवावे लागते. दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे मान्य. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर त्याच फळीवर तीच एका पायाची बैठक करून पाहायची आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा कालच्याएवढाच असेल तर कालचा भार बरोबर होता. वाढला असेल तर कालचा भार जास्त झाला, पुढच्या वेळी कमी करायचा. कंडरा त्याच वेळी बोलत नाही, चोवीस तासांनी बोलते. म्हणून मैदानावर ‘आज अजिबात दुखलं नाही’ या आनंदात दुप्पट पळालेला मुलगा दुसऱ्या दिवशी जिना उतरू शकत नाही. वही ठेवणारे रुग्ण बरे होतात, असे या कामात वर्षे घालवलेले बहुतेक फिजिओ सांगतील. वहीत जादू नाही, पण त्यामुळे भार वाढवण्याचा निर्णय हुरूप आणि भीती यांच्या हातून निघून आकड्यांच्या हातात जातो.

जड वजन सहज पेलू लागल्यावर तिसरा टप्पा, उड्यांचा. आधी दोन पायांवर लहान उड्या, मग पायरीवरून उतरणे, मग एका पायावर. किती वेळा पाय टेकले ते मोजायचे आणि असे दिवस तीन दिवसांतून एकदाच ठेवायचे. चौथ्या टप्प्यात खेळातली खरी हालचाल: व्हॉलीबॉलवाल्याला धावत येऊन स्मॅश, खो-खोवाल्याला चौकातून उठणे, भरतीवाल्याला शंभर मीटरचा स्टार्ट. जड वजनाचा व्यायाम या काळातही आठवड्यातून दोनदा चालू ठेवतात. तो सोडला की काही महिन्यांत दुखणे परतण्याची शक्यता मोठी असते.

नेदरलँड्समध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पायऱ्यापायऱ्यांच्या उपचाराची तुलना नुसत्या उतरत्या फळीवरच्या दुखऱ्या बैठकांशी केली गेली. पायऱ्यांचा उपचार सरस ठरला. तरी २४ आठवड्यांनंतर निम्म्याहून अधिक खेळाडू पूर्वीच्या पातळीवर परतलेले नव्हते. हा आकडा रुग्णापासून लपवू नये. दीड महिन्यात बरे करण्याचे वचन देणारा रुग्णाचा दीड महिना आणि विश्वास दोन्ही घालवतो. खेळाच्या ऐन हंगामात हा उपचार चालू करण्याचा प्रयत्नही फारसा साधत नाही. नॉर्वेच्या व्हॉलीबॉलपटूंनी १२ आठवडे खेळ चालू ठेवून उतरत्या फळीवरचे व्यायाम केले, त्याचा काहीच उपयोग झाला नव्हता. भार एका बाजूने कमी केल्याशिवाय दुसऱ्या बाजूने वाढवता येत नाही.

इंजेक्शनांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. स्टेरॉइडच्या सुईने दुखणे झपाट्याने कमी होते, म्हणून तिला मागणी आहे. २००९ साली डेन्मार्कमधल्या चाचणीत स्टेरॉइड, उतरत्या फळीवरच्या बैठका आणि जड-सावकाश व्यायाम असे तीन गट केले होते. १२ आठवड्यांनी तिन्ही गटांना बरे वाटत होते. सहा महिन्यांनी स्टेरॉइडवाले पुन्हा खाली घसरले, व्यायामवाले टिकले. शिवाय स्टेरॉइडमुळे कंडरा कमजोर होऊन तुटण्याचा धोका असतो. मैदानी चाचणी आठवड्यावर आली असताना ही सुई टोचून घेणे म्हणजे वेदनेची सूचना बंद करून त्याच कंडरेवर पूर्ण ताकदीने धावणे. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटचे महागडे इंजेक्शन शहरांत सर्रास दिले जाते. २०१९ च्या चाचणीत ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. वेदनाशामक मलम, बर्फ, वाटीखाली बांधायचा पट्टा यांनी त्या दिवसापुरता आराम पडतो, तेवढ्यापुरते ते वापरायला हरकत नाही. दुखऱ्या जागी तेल लावून जोराने चोळणे मात्र टाळावे, चोळल्याने ती जागा उलट चिडते. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. २००६ साली नॉर्वेतल्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांच्या गुणात वर्षाअखेर फरक दिसला नाही, म्हणून आधी किमान तीन महिने नेटाने व्यायाम आणि मगच शल्यचिकित्सकाचा विचार, असा क्रम ठेवावा.

चाळिशीपुढच्या माणसांत हीच कंडरा, आणि त्याहून जास्त वाटीच्या वरची, वेगळ्या कारणांनी कमजोर होते. मधुमेहात कोलॅजनच्या तंतूंना साखर चिकटून ते ताठर बनतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या प्रतिजैविकांमुळे कंडरांना इजा होऊ शकते, ती औषधे चालू असताना नवे दुखणे उमटले तर डॉक्टरांना लगेच सांगावे. वर्षभर खुर्चीत बसून पावसाळ्यात एकदम गड चढायला निघालेल्यांचे गुडघे उतरताना बोलतात, कारण उतरणीवर मांडीचे स्नायू ताणले जात असताना काम करतात. त्यांनाही उपाय तोच: सावकाश वाढणारा भार, फक्त पायऱ्या अधिक लहान.

एका प्रसंगी मात्र थांबायचे नसते. उडी मारताना किंवा पाय घसरताना ‘फट्’ असा आवाज होऊन गुडघा खचला आणि पडल्या जागी पाय सरळ ठेवून उचलता येईना, तर कंडरा तुटली असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वाटी नेहमीच्या जागेपेक्षा वर सरकलेली दिसते आणि तिच्याखाली खड्डा लागतो. ही शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाली तर निकाल चांगला लागतो. पुढे स्नायू आखडतो आणि टोके जुळवणे अवघड होते.

यातले पुष्कळ टाळता येण्याजोगे आहे, आणि ते टाळणे प्रशिक्षकांच्या हातात आहे. ॲकॅडमी चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: मुलगा दाखल झाला की पहिले सहा आठवडे त्याला बेडूकउड्या आणि बदकचाल देऊ नका, त्याऐवजी वजनाच्या सावकाश बैठका आणि हळूहळू वाढणारे पळणे द्या. उड्यांचे दिवस आठवड्यातून दोनच ठेवा. वाटीखाली बोट ठेवून कोणी दुखते म्हणाला तर त्याला आळशी ठरवू नका आणि घरीही पाठवू नका, त्याचा भार कमी करून त्याला मैदानावरच ठेवा. आणि मुलामुलींनी जाहिरातीची वाट न पाहता अभ्यासिकेच्या महिन्यांतही आठवड्यातून तीन दिवस मांडीचा व्यायाम चालू ठेवावा.